हेझल लेनची सॉरीबाई

सुनेत्रा राजाध्यक्षला बेसिंगस्टोकच्या मराठी मंडळात सगळे ओळखायचे ते कशालाच नाही न म्हणणारी बाई म्हणून. गणपतीची आरास कोण करणार? सुनेत्रा. कार्यक्रम संपल्यावर हॉलमधल्या खुर्च्या कोण रचणार? सुनेत्रा. आणि तिथून थोड्याच अंतरावर, ऑल्डरशॉटच्या वाटेवर, हेझल लेन नावाचं एक स्टेडियम होतं, तिथे तिला ओळखायचे ते हरणारी बाई म्हणून. नुसती हरणारी नव्हे, गोड हरणारी. तिथल्या लोकांचा तिच्यावर जीव होता आणि २००७ साल उजाडेपर्यंत तिला तो जीव नकोसा झाला होता.

हेझल लेनला गुरुवारी शर्यतीची कुत्री पळायची आणि रविवारी गाड्या. पाव मैलाचा डांबरी लंबगोल, भोवती जाड तारांचं कुंपण, एका अंगाला पत्र्याच्या छपराचा स्टँड आणि सगळीकडे तळलेल्या कांद्याचा वास. तिथे पळणाऱ्या गाड्यांना स्टॉक कार म्हणायचं. म्हणजे आयुष्यभर शाळा, ऑफिस, बाजारहाट करून थकलेल्या साध्या गाड्या. त्यांच्या काचा काढायच्या, दारं वेल्डिंगने बंद करायची, आत लोखंडी पिंजरा ठोकायचा, पुढेमागे भक्कम बंपर बसवायचे आणि लंबगोलात सोडून द्यायचं. या खेळात पुढच्या गाडीला मागून ढकलणं हा गुन्हा नाही, तोच खेळ आहे. वळणावर धक्का द्यायचा, पुढचा बाहेर फेकला गेला की आतल्या बाजूने सुटायचं. कुणाच्या दारावर आडवं जाऊन आदळायचं नाही, एवढीच काय ती सभ्यता.

सुनेत्राच्या नवऱ्याला, जयंतला, हे सगळं ऐकूनच मळमळायचं. जयंत एका विमा कंपनीत सॉफ्टवेअर सांभाळायचा आणि सीझनमधले बरेचसे रविवार थ्रक्स्टनच्या सर्किटवर हौशी मार्शल म्हणून नारिंगी पोशाखात, हातात झेंडा घेऊन उभा राहायचा. तिथे रोड रेसिंग. डावी वळणं, उजवी वळणं, लांबलचक सरळ पट्टे, चकचकीत गाड्या, पांढरे हातमोजे. त्याच्या लेखी मोटारींची शर्यत म्हणजे ती एवढी एकच.

"आमच्याकडे गाडीला गाडी लागली तर चौकशी बसते," तो म्हणायचा. "तुमच्याकडे लागली नाही तर लोक तिकिटाचे पैसे परत मागतात."

"अहो, पण तुमच्या त्या वळणावरून तुम्हाला गाड्या दिसतात तरी किती वेळ?"

"दर फेरीला पाच-सात सेकंद. पण काय सेकंद असतात ते!"

"आणि बाकीचा वेळ?"

"आवाज येतो ना."

सुनेत्रा डबा भरायची. जयंत मात्र जाता जाता हमखास म्हणायचा, "तुझं बरंय, घाण्याच्या बैलासारखं गोल गोल गोल." त्यावर एकदाच तिने उत्तर दिलं होतं, की बैल दमला कधी आणि अडला कुठे, ते सगळं एका जागी बसून दिसतं, पहिला कोण हे कळायला संध्याकाळी घरी येऊन टीव्ही लावावा लागत नाही.

जग मात्र जयंतच्याच बाजूने होतं. त्या वर्षी तर एका कोवळ्या इंग्लिश पोराने फॉर्म्युला वनमध्ये आल्या आल्या भल्याभल्यांना घाम फोडला होता आणि जिकडेतिकडे तोच विषय. ज्यांना स्वतःच्या गाडीचं चाक बदलता येत नव्हतं ते टायर कधी बदलावेत यावर वाद घालत होते. थ्रक्स्टनच्या शर्यतींना स्थानिक पेपरात रंगीत पान मिळायचं. हेझल लेनचा निकाल हरवलेल्या मांजरांच्या जाहिरातीशेजारी चार ओळींत यायचा. स्टॉक कारचं नाव काढलं की मंडळातली शिकलीसवरलेली माणसं विचारायची, "म्हणजे ते अमेरिकेत असतं ते?" वीस मिनिटांवर दर रविवारी अख्खी कुटुंबं थर्मास आणि ब्लँकेटं घेऊन जमतात, आजीपासून नातवापर्यंत प्रत्येकाचा आवडता नंबर ठरलेला असतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं. ज्याला आपण लोकप्रिय म्हणतो ते बऱ्याचदा नुसतं टीव्हीप्रिय असतं, पण हे सांगणार कुणाला?

मंडळाच्या गणपतीत तर अध्यक्ष पुरुषोत्तम साने यांनी आरती झाल्या झाल्या भर हॉलमध्ये तिला गाठलं. "वहिनी, ऐकलं ते खरं का? तुमच्या गाड्या घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतात? उलट्या प्रदक्षिणा! अहो, असलेलं पुण्यही वजा व्हायचं!"

सगळे खो खो हसले. सुनेत्राही हसली आणि कशाबद्दल कोण जाणे, "सॉरी हं," असंही म्हणाली.

हे सॉरी तिच्या रक्तातच भिनलं होतं. मुळात ती नागपूरच्या घरातली थोरली सून व्हायची म्हणून वाढवलेली मुलगी. चूक कुणाची हे ठरायच्या आत माफी मागून मोकळं व्हायचं, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. त्यात लग्न होऊन आली ती इंग्लंडात, जिथे लोक दिव्याच्या खांबाला धडकले तरी खांबाला सॉरी म्हणतात. आणि नोकरी लागली ती डॉक्टरांच्या सर्जरीत, म्हणजे दवाखान्यात, रिसेप्शनिस्टची. सकाळी फोन उचलला की पहिलं वाक्य, सॉरी, आज अपॉइंटमेंट शिल्लक नाही. असा हा तिन्ही बाजूंनी झालेला मारा. बाईने करावं तरी काय?

स्टॉक कारच्या नादाला ती लागली ती तिच्या जुन्या निळ्या गाडीमुळे. चार वर्षांपूर्वी ती गाडी एमओटीत, म्हणजे दरवर्षीच्या सरकारी तपासणीत, नापास झाली; खालून सगळा पत्रा गंजला होता. जाहिरात दिली तर न्यायला आली मॉरीन. साठीच्या उंबरठ्यावरची, पाठीवर पांढरी वेणी, हात ग्रीसने काळे. स्कूल बस चालवायची ती. सुनेत्राने दर दसऱ्याला त्या गाडीच्या बॉनेटला हळदकुंकू लावलं होतं. लेक ईशिता पहिल्या दिवशी शाळेत गेली ती त्याच गाडीतून. चावी देताना तिने विचारलं, "काय करणार हिचं?"

"शर्यतीत पळवणार, लव्ह. मोडेपर्यंत."

सुनेत्राला चावी परत मागावीशी वाटली. पण दिलेला शब्द मागे कसा घ्यायचा? पुढच्या रविवारी ती एकटीच हेझल लेनला गेली, सासरी निघालेल्या लेकीला स्टेशनवर पोचवायला जावं तशी. आपली निळी गाडी दिसली तेव्हा ओळखूच येईना. दारावर भलामोठा नंबर, छप्पर लाल. मग शर्यत सुटली. कुणी तिच्या गाडीला मागून हाणलं, कुणी कुंपणावर दाबलं, एक दिवा फुटला, बॉनेट वाकडं झालं. सुनेत्राच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. आणि तरी ती गाडी पळतच होती. थांबेचना! शेवटच्या फेरीत तिने दोघांना ढकलून बाहेर काढलं आणि दुसरी आली. तेव्हा सुनेत्राच्या लक्षात आलं की आपण बाकावर उभ्या आहोत आणि मराठीत ओरडतो आहोत. शेजारच्या अनोळखी आजोबांनी तिला आपल्या पिशवीतले चिप्स दिले.

पुढच्या वर्षी ती स्वतः बायकांच्या शर्यतीत उतरली. मॉरीननेच तिला गाडी बांधून दिली, गिअर कधी टाकायचा ते शिकवलं, हेल्मेट निवडून दिलं. एकच गोष्ट मॉरीनला शिकवता आली नाही.

पहिल्याच शर्यतीत सुनेत्रा चौथी होती. चांगली पळत होती. पुढची गाडी वळणावर मंदावली, सुनेत्राच्या बंपरचा तिला ठोसा बसला आणि ती बाजूला सरकलीही. म्हणजे खेळ जमला होता. पण त्याच क्षणी सुनेत्राचा पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला गेला, उजवा हात स्टीअरिंगवरून सुटला, पुढे डॅशबोर्डला टेकला आणि तिथून छातीशी आला. कुणाला पाय लागला की आपण करतो ना, तस्सा. विचार करून नाही. जांभई येते तसा. मागून आलेल्या तीन गाड्यांनी तिला भिंगरीसारखं फिरवलं आणि सुनेत्रा शेवटून पहिली आली.

"तू तिथे करत काय होतीस?" मॉरीनने विचारलं. "हार्ट तपासत होतीस?"

सुनेत्राने समजावून सांगितलं. आमच्यात माणसाला पाय लागणं वाईट. लागला तर त्याला हात लावून नमस्कार करायचा.

"पण गाडी लागली. पाय नाही."

"गाडी लागली म्हणजे आपणच लागलो ना."

मॉरीनने यावर बराच विचार केला. "म्हणजे इतकी वर्षं लोक मला लाथा घालत होते म्हणायचं," ती म्हणाली आणि हसत सुटली.

मॉरीनने ती गोष्ट दोघीतिघींना सांगितली, त्यांनी आणखी दहाजणांना. लाउडस्पीकरवर शर्यतीचं वर्णन करणाऱ्या माणसाच्या कानावर गेली आणि त्याने बारसंच करून टाकलं: मिसेस सॉरी. मग काय विचारता! सुनेत्राची गाडी स्टँडसमोरून गेली की लहानथोर झाडून सगळे उजवा हात पुढे करून छातीशी न्यायचे. ती कुणाला धडकायला टेकली की आधीच हात वर. ती मागे पडली की टाळ्यांचा पाऊस. जिंकणाऱ्या बायकांची नावं लोक विसरायचे, पण मिसेस सॉरीचं चित्र असलेले टी-शर्ट घालून चार कुटुंबं यायची. गाडीच्या छपराचा रंग चालकाचा दर्जा सांगायचा: पांढरं छप्पर म्हणजे शिकाऊ. मग पिवळं, निळं आणि सगळ्यात वरचढ लाल. तीन सीझन झाले तरी सुनेत्राचं छप्पर पांढरं ते पांढरंच.

पहिलं वर्षभर तिला यात मौज वाटली. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ती कसनुसं हसायची. चौथ्या वर्षी एका रविवारी एक प्रेमळ बाई तिचा हात हातात घेऊन म्हणाली, "तू कधी जिंकू नकोस हं, आमची मजाच जाईल." सुनेत्राने तिचे आभार मानले, गाडीशी आली आणि हेल्मेट चढवून त्याच्या आत रडली. मंडळात लोक हसत होते ते ती शर्यतीत उतरते म्हणून, इथे हसत होते ते ती शर्यत सोडते म्हणून. दोन्हीकडे आपण करमणूक! त्या दिवशी तिने मनाशी खूणगाठ बांधली. एक तरी शर्यत जिंकायची. आणि नशिबाने पुढच्या दोघी फिरल्या म्हणून नव्हे. ढकलून जिंकायची.

मुहूर्त फार लांबचा निघाला नाही. सप्टेंबरात शर्यती भरवणाऱ्या केनने सगळ्या बायकांना चहाच्या टपरीमागे बोलावलं. रविवारी लोक घरी बसून टीव्हीवर फॉर्म्युला वनची ग्रां प्री बघतात, म्हणाला, आणि उतरणाऱ्या बायकाही कमी होत चालल्यात. पुढच्या सीझनपासून बायकांची शर्यत बंद. शेवटची ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी. ज्यांना हौस असेल त्यांनी पुरुषांच्या गटात यावं. पुरुषांच्या गटात जायला सुनेत्राकडे ना तेवढी दणकट गाडी होती ना तेवढं तरुण वय. जे काय व्हायचं ते त्या एका रविवारी.

ती हात धुऊन सरावाच्या मागे लागली. मॉरीनच्या घरामागे एक पडीक रान होतं. तिथे मॉरीन पुढे गाडी चालवायची आणि सुनेत्राने मागून धक्का द्यायचा. धक्का बसला की हात छातीशी. पुन्हा धक्का, पुन्हा हात. शेवटी मॉरीनने जाड चिकटपट्टीने तिचा हात स्टीअरिंगला बांधून टाकला. सुनेत्राने धक्का दिला. हात जागचा हलला नाही, पण मान झुकली.

सुपरमार्केटातही सराव करून झाला. तिने ठरवलं की ट्रॉली कुणाला लागली तरी ओठ शिवल्यासारखे बंद ठेवायचे. दुधाच्या फ्रीजपाशी एका उंच गृहस्थाच्या घोट्यावर तिने ट्रॉली घातली. गृहस्थ कळवळला, वळला आणि तोच म्हणाला, "सॉरी!" सुनेत्रा दोन क्षण टिकली. मग तिने त्याची इतकी मनापासून माफी मागितली की त्याला कानकोंडं झालं.

हे मॉरीनला सांगितल्यावर ती हसेल असं सुनेत्राला वाटलं होतं. मॉरीन हसली नाही. रानातल्या उलट्या घातलेल्या बादलीवर ती बसली होती, गुडघा चोळत.

"एक सांगू? ही माझीही शेवटची शर्यत. आणि तू इतरांना निदान धडकतेस, मग ती तुझी पूजा करतेस. मला तर तू शर्यतीत आजवर एकदाही धडकली नाहीस. मागे येतेस आणि तिथेच थांबतेस."

"तू मला शिकवलंस. शिवाय तू वयाने..." सुनेत्रा अडखळली.

"हां. तेच." मॉरीनचा आवाज चढला. "तू मला म्हातारी समजतेस. मोडेल म्हणून जपतेस. इथे कुणाला न ढकलणं म्हणजे काय ते तुला अजून कळलं नाही, लव्ह. मागच्याने मला ढकललं म्हणजे त्याला मी अडसर वाटले, दखल घेण्याजोगी वाटले. नाही ढकललं तर मी नुसतं सामान. तू चार वर्षं मला सामान समजत आलीस."

सुनेत्राला कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. आपण ज्याला मान देणं म्हणतो ते समोरच्याला असं लागत असेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. ती तशीच घरी आली. रागही आला होता तिला, मॉरीनचा थोडा आणि स्वतःचा पुष्कळ.

शेवटच्या रविवारसाठी ईशिता मँचेस्टरहून आदल्या दिवशीच आली. ती तिथे युनिव्हर्सिटीत शेवटच्या वर्षाला होती. सकाळी जयंतने सवयीने नारिंगी पोशाख खुर्चीवर काढून ठेवला. त्या दिवशी थ्रक्स्टनलाही शर्यती होत्या.

"बाबा, तुम्ही नाही जायचा," ईशिता म्हणाली. "आज आईचा लास्ट रेस आहे."

"रेस स्त्रीलिंगी," जयंत म्हणाला. "म्हणजे आईची. आणि मी तिथे नाव दिलंय बेटा, पोस्टवर माणसं कमी आहेत."

"आई इतका वर्षं तुमची डबा भरते. तुम्ही एकदा पण तिचा रेस नाही बघितला. इट्स नॉट फेअर, बाबा."

जयंतने मदतीसाठी सुनेत्राकडे पाहिलं. एरवी ती म्हणाली असती, जाऊ दे गं, सॉरी, तुम्ही जा. त्या दिवशी ती म्हणाली, "या तुम्ही. मी जिंकणार आहे." एवढंच, आणि हेल्मेटची पिशवी उचलली. जयंत फोनकडे गेला आणि कितीतरी वेळ इंग्रजीत कुणाचीतरी माफी मागत राहिला.

दुपारी आभाळ भरलं होतं, पण पाऊस नव्हता. स्टँड बऱ्यापैकी भरला होता. लाउडस्पीकरवाल्याने बायकांच्या शर्यतीचा शेवटचा दिवस म्हणून गळा काढून झाला होता. या खेळात लाल छपरं सगळ्यात मागे उभी करतात आणि पांढरी पुढे, त्यामुळे सुनेत्रा पहिल्याच ओळीत होती. मॉरीन मागे कुठेतरी. हिरवा झेंडा पडला आणि आठ गाड्या एकदमच पहिल्या वळणाकडे सुटल्या.

पहिल्या काही फेऱ्या सुनेत्राच पुढे होती. कुणाला धडकायचा प्रश्नच नव्हता, पुढे कुणीच नव्हतं. मागून येणाऱ्या एकमेकींना ढकलत होत्या, एक कुंपणाला टेकून थांबली, दुसरी वाफ सोडत आतल्या गवतावर गेली. स्टँडसमोरून जाताना तिला शेकडो हात छातीशी जाताना दिसत होते. तिने दात आवळले. आणि मग आरशात लाल छप्पर दिसलं.

मॉरीनने वेळ घालवला नाही. तिसऱ्या वळणावर सुनेत्राच्या पाठीत असा दणका बसला की हेल्मेटच्या आत कान वाजले. गाडी बाहेरच्या अंगाला घसरत गेली, कुंपणाला घासली, आणि आतून मॉरीन सुळकन पुढे निघून गेली. ना वळून पाहिलं ना हात केला. तेव्हा कुठे सुनेत्राला कळलं, अगदी पाठीच्या मणक्यात कळलं, की मॉरीन तिला चार वर्षं काय देत होती. ती सुनेत्राला प्रत्येक शर्यतीत ढकलत आली होती. ओळखीची म्हणून, नवखी म्हणून, गरीब म्हणून तिने एकदाही सोडलं नव्हतं.

"थांब तू आता," सुनेत्रा मोठ्याने म्हणाली.

तिने गाडी सरळ केली आणि पाय पार खाली दाबला. दोन फेऱ्यांत तिने अंतर खाल्लं. शेवटच्या फेरीचा झेंडा हलला तेव्हा मॉरीनचा मागचा बंपर तिच्यापासून हातभर होता. पहिलं वळण तसंच गेलं. समोरचा सरळ पट्टाही गेला. पुढच्या गाडीच्या काच नसलेल्या मागच्या खिडकीतून तिला हेल्मेटखालून निघालेली पांढरी वेणी दिसत होती. चार वर्षं हीच वेणी दिसली की तिचा पाय हलका व्हायचा. हात शिवशिवला. तिला तो स्पष्ट जाणवला, सुटू पाहणारा, पुढे जाऊ पाहणारा, आपल्या आईचा, आजीचा, सगळ्या घराण्याचा हात. तिने बोटं स्टीअरिंगमध्ये रुतवली.

"तू म्हातारी नाहीस," ती ओरडली. "तू माझ्या वाटेत आहेस!"

आणि शेवटच्या वळणाच्या तोंडाशी तिने मॉरीनला हाणलं. पोटातून हाणलं. लोखंडावर लोखंड बसल्याचा आवाज झाला, लाल छपराची गाडी बाहेर भिरकावली गेली, आतली बाजू मोकळी झाली. सुनेत्राचे दोन्ही हात स्टीअरिंगवर होते. पाय खाली होता. मान ताठ होती. तिच्यासमोर कुणीही नव्हतं, फक्त एक माणूस शिडीवर उभा राहून चौकड्यांचा झेंडा फडकावत होता, आणि तो तिच्यासाठी होता.

स्टँडमधल्या लोकांनी धक्का बसणार हे पाहून हात आधीच छातीशी नेले होते. ते तिथेच राहिले. मग जो आरडाओरडा उठला तो तिला हेल्मेटमधून, इंजिनवरून ऐकू आला. मिसेस सॉरीला एवढी वर्षं मिळाला होता तो लाड होता. हा आवाज वेगळा होता, याला धार होती.

झेंडा खिडकीतून बाहेर धरून तिने मानाची फेरी घातली. स्टँडपाशी वेग कमी केला तेव्हा पहिल्या रांगेत बाकावर उभा राहिलेला जयंत दिसला. पन्नाशीचा, चष्मा कपाळावर चढलेला, दोन्ही हात मार्शलसारखे डोक्यावरून हलवत होता. ईशिताने धावत कुंपण गाठलं आणि जाळीला तोंड लावून ओरडली, "आई! बाबा ओरडली! हाण म्हणाला! सगळ्यांच्या समोर, हाण तिला, म्हणाला!"

"मी असं काही म्हणालो नाही," मागून आलेला जयंत म्हणाला. त्याचा आवाज पार बसला होता. "सुनेत्रा, पण सगळं दिसलं गं. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं. एक फेरी सुटली नाही." त्याचे डोळे भरून आले होते, आणि हे सांगताना त्याला लाज वाटत नव्हती.

सुनेत्राने त्याला मान डोलावून पावती दिली, पण ती थांबली नाही. तिचं लक्ष मैदानाच्या पलीकडे होतं. मॉरीनची गाडी शेवटच्या वळणावर कुंपणाला टेकून उभी होती आणि मॉरीन बाहेर आलेली नव्हती.

तिने आपली गाडी तिथे नेली, खिडकीतून कशीबशी उतरली आणि पळाली. लाल गाडीचा मागचा बंपर आत वळला होता. डिकी चेपली होती. हे मी केलं. माझ्या हाताने केलं. मॉरीन आत बसून होती, हेल्मेट मांडीवर, वेणी सुटलेली, घामाने कपाळ ओलं. सुनेत्राचं तोंड आपोआप उघडलं.

"मॉरीन, आय ॲम..."

"तो शब्द काढलास तर बघ," मॉरीन म्हणाली.

सुनेत्राने तोंड मिटलं. पन्नास वर्षं जिभेवर बसलेला शब्द ती गिळत होती आणि तो जाता जात नव्हता. त्याच्या जागी काय म्हणायचं हे तिला कुणी कधी शिकवलंच नव्हतं. ते तिलाच शोधावं लागलं.

"मी जिंकले," ती म्हणाली. मग पुन्हा, जरा मोठ्याने, "तुला ढकलून जिंकले."

"चांगलीच ढकललीस," मॉरीन म्हणाली. तिचा चेहरा असा फुलला होता की सुनेत्राला तिच्याकडे बघवेना. "आता उभी काय राहिलीस? बाहेर ओढ मला. गुडघ्याने संप पुकारलाय."

सुनेत्राने खिडकीतून दोन्ही हात आत घातले, तिला काखेत धरलं आणि जोर लावला.